पुंगळीतला हजारांश सेकंद

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, दारू पेटवणारा प्रायमर, मधे दारू आणि तोंडाशी गोळी. अमेरिकेत ही काडतुसं घरच्या टेबलावर स्वतः भरण्याचा छंद अनेक नेमबाज जोपासतात. एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर दाबून बसवायचा, दारू तोलायची, गोळी बसवायची. (आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.) पुंगळीला चीर गेली तर ती डोळ्यांना दिसते, गोळी वाकडी बसली तर बोटांना कळते. दारू मात्र चुकीची असली तरी घोडा दाबेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. म्हणूनच ‘कोणती दारू घेऊ?’ हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो, आणि ‘जी सर्वांत जास्त वेग देईल ती’ हे त्याला हमखास मिळणारं उत्तर. हे उत्तर अपुरं आहे आणि कधीकधी घातकही आहे. दारू निवडताना आपण वेग निवडत नसतो. नळीत दाब कधी चढेल आणि कधी उतरेल, ते निवडत असतो.

हे समजायला आधी चुलीपाशी जावं लागेल. भुसा टाकला तर भपकन पेटतो आणि विझतो, काटक्या थोडा वेळ धरतात, ओंडका तासभर जळतो. लाकूड तेच, फरक पडतो तो जळणाऱ्या पृष्ठभागाचा. १८८४ च्या सुमारास पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू केली आणि दोनच वर्षांत फ्रान्सने तिच्यासाठी लेबेल रायफल आणली. जुनी काळी दारू जळली की तिचा जवळपास अर्धा भाग घन स्वरूपात मागे उरे; नव्या दारूचा बहुतेक सगळा वायू होई. पण तिचा खरा गुण वेगळाच होता. तिच्या कणाला हवा तो आकार देता येत होता, म्हणजे तिचं जळणं हातात ठेवता येत होतं. चुलीशी साम्य मात्र इथेच संपतं. बंद जागेत दाब वाढला की ही दारू आणखी जोरात जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. या चक्राला आवर घालते ती पुढे सरकणारी गोळी, कारण ती मागे जागा मोकळी करत जाते. हा सगळा खेळ सुमारे एक हजारांश सेकंदात आटोपतो.

पॉइंट २२३ रेमिंग्टन हे काडतूस घेऊ. लहान व्यासाच्या रायफलींत छंदवाल्यांचं ते फार आवडतं. त्यात दारू मावते ती जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम, चहाचा अर्धा चमचाही भरणार नाही इतकी. तिच्यातून निघणारा दाब चौरस इंचाला ५५,००० पौंडांपर्यंत जाऊ द्यायचा, अशी अमेरिकी उद्योगाने घालून दिलेली मर्यादा आहे. हवेच्या दाबाच्या ती पावणेचार हजार पट भरते. या पुंगळीत पिस्तुलाची भुशासारखी झटपट दारू घातली तर गोळी हलायच्या आतच दाब शिगेला पोचेल. शिवाय ती इतकी थोडी लागते की चुकून दोनदा ओतली तरी पुंगळीत मावून जाते. उलट, मोठ्या मॅग्नम काडतुसाची ओंडक्यासारखी संथ दारू काठोकाठ भरली तरी पुरेसा दाब चढत नाही आणि न जळलेले दाणे नळीतून बाहेर फेकले जातात. मधल्या गतीच्या दारूंतही गोळीचं वजन बघावं लागतंच. ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) हलकी गोळी चटकन जागा मोकळी करते, तिला जरा चपळ दारू चालते. ७७ ग्रेनची गोळी जड असते, पुंगळीतली जागाही जास्त व्यापते आणि सावकाश हलते. तिच्यामागे तीच चपळ दारू तेवढीच घातली तर दाब हाताबाहेर जातो.

इथवर कुणी वाद घालणार नाही. वाद पुढच्या प्रश्नावर आहे: दोन दारूंनी सारखा वेग दिला आणि दोघींचा कमाल दाबही मर्यादेत राहिला, तर त्यातली कोणतीही घ्यायला काय हरकत? हा प्रश्न अमेरिकी लष्कराने १९६४ मध्ये प्रत्यक्षात सोडवून पाहिला आणि त्याची किंमत व्हिएतनाममधल्या सैनिकांनी मोजली. युजीन स्टोनर यांची एआर-१५ रायफल, म्हणजे पुढची एम-१६, ड्यूपाँच्या आयएमआर ४४७५ या दारूवर जुळवलेली होती. शेवेचे बारीक तुकडे करावेत तसे तिचे दाणे, आणि प्रत्येकात आरपार एक भोक. दाणा बाहेरून जळत लहान होतो तेव्हा आतलं भोक मोठं होत जातं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग साधारण तेवढाच राहतो. लष्कराने अट घातली सेकंदाला ३,२५० फूट वेगाची आणि ५२,००० पौंड दाबाची. मोठ्या उत्पादनात या दारूला दोन्ही अटी एकदम सांभाळणं जड जाऊ लागलं. मग ऑलिन कंपनीची डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची दारू मंजूर झाली. खसखशीसारखे हे दाणे. जळताना त्यांचा पृष्ठभाग घटतच जातो, म्हणून सुरुवातीचं जळणं मंदावायला त्यांच्यावर रासायनिक लेप चढवतात. या दारूने वेग दिला, दाबही मर्यादेत ठेवला. कागदावर सगळं बरोबर होतं.

एम-१६ च्या नळीला मात्र पुढच्या भागात एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू तिथून मागे येतो, नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा बोल्ट उघडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर काढतो. नव्या दारूचा दाब शिखरापाशी आटोक्यात असला तरी या छिद्रापाशी जुन्या दारूपेक्षा जास्त राहत होता. मिनिटाला ७०० ते ८५० गोळ्यांच्या गतीसाठी बांधलेली रायफल हजाराच्या आसपास धावू लागली. पुंगळी अजून कोठीला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) घट्ट चिकटलेली असतानाच बोल्ट तिला ओढू लागला. तिची कड फाटे, पुंगळी आतच राही, आणि ती काढायला सैनिकाला पुढून नळीत गज घालावा लागे. त्यात आम्ल मारण्यासाठी या दारूत घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची पुटं वायूच्या बारीक नळीत साचू लागली. १९६७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या इकॉर्ड उपसमितीने दारूबदलाच्या या निर्णयाला पुरेशा चाचण्यांचा आधार नव्हता, असा ठपका ठेवला. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे नव्या दारूवर रायफली गतीच्या चाचणीत बसत नाहीत हे दिसल्यावर लष्कराने रायफल बनवणाऱ्या कोल्ट कंपनीला चाचणीपुरती जुन्या दारूची काडतुसं वापरू दिली. चाचणी एका दारूवर झाली, लढाई दुसरीवर.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. दोष दारूचा नव्हताच, असं बरेच जाणकार म्हणतात. कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, ओल्या हवेत ती गंजत होती, सफाईचं साहित्य पुरेसं नव्हतं आणि या रायफलीला सफाई लागतच नाही असा गैरसमज पसरला होता. हे सगळं खरं आहे. पुढे कोठीला क्रोम चढवलं, धक्का शोषणारा बफर बदलला, कार्बोनेटचं प्रमाण घटवलं आणि रायफल गोल दाण्यांच्याच दारूवर नीट चालू लागली. पण यातून दारू निर्दोष ठरत नाही. बफर बदलावा लागला, कारण दारू बदलली होती. कोणतीही दारू मुळात चांगली किंवा वाईट नसते, ती एखाद्या बंदुकीला जुळते किंवा जुळत नाही. गोल दाण्यांची बाजूही घ्यायला हवी: मापातून ते वाळूसारखे घरंगळतात, प्रत्येक पुंगळीत सारखे पडतात. शेवेसारखे दाणे मापाच्या कडेत अडकून तुटतात, वजन चुकवतात. शेकड्यांनी काडतुसं भरणाऱ्याला ही सोय साधी वाटणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत वायूचं छिद्रच नसतं, मग तिथे वेग बघून दारू घ्यायला काय जातं? छिद्रापुरता हा मुद्दा मान्य. पण तिथे ऋतू आडवा येतो. थंडीत जुळवलेलं काडतूस उन्हाळ्यात गाडीच्या टपावर तापलं की तीच दारू जास्त वेगाने जळते आणि कमाल मर्यादेला टेकवून भरलेला दाब तिच्यापलीकडे जातो. व्हार्गेटसारख्या काही दारू तापमानाला कमी दाद देतील अशाच बनवल्या आहेत, आणि सेकंदाला पन्नास फूट वेग सोडून तशी दारू घेणारा नेमबाज माझ्या मते शहाणा. जिथे एकच रायफल सियाचीन आणि जैसलमेर दोन्हीकडे चालायची असते, त्या आपल्या देशात हे वेगळं समजावून सांगायला नको. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने घडवलेल्या इन्सास रायफलीचा व्यासही एम-१६ सारखा ५.५६ मिलिमीटरच, आणि तिची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनत आली आहेत.

राहता राहिला डब्यावरचा आकडा. आयएमआर ४८३१ आणि हॉजडनची एच ४८३१ ही नावं इतकी सारखी की दुकानात कुणीही फसावं. पण एच ४८३१ जास्त संथ आहे. तिच्यासाठी छापलेलं माप दुसरीला लावलं तर दाब वाढतो. उलट पिस्तुलाच्या एचपी ३८ आणि विंचेस्टर २३१ या दोन नावांच्या डब्यांत दारू एकच. म्हणून तक्ता त्याच दारूचा, त्याच वजनाच्या गोळीचा आणि अलीकडचा असावा लागतो. सुरुवात त्यातल्या खालच्या मापाने करायची आणि दाबाच्या खुणा बघत वर जायचं. दोन दारू एकत्र मिसळायच्या नाहीत, ओळख पुसलेला डबा वापरायचा नाही. कारखान्याला दारूची प्रत्येक खेप दाबमापक नळीत झाडून पाहता येते आणि त्यानुसार माप बदलता येतं. घरी ती सोय नसते. म्हणून किरकोळ डब्यातली दारू निरनिराळ्या खेपा मिसळून एका ठरीव प्रतीला आणलेली असते, आणि तक्ता खरा ठरतो तो त्या प्रतीपुरताच.

डब्ल्यूसी ८४६ च्या नावाखाली लष्कर घेत असलेल्या दारूच्या खेपांतही असाच फरक पडत असे. १९७० मध्ये तिचे दोन भाग केले गेले: कमी कार्बोनेटची डब्ल्यूसी ८४४ ही एम-१६ च्या ५.५६ मिलिमीटर काडतुसासाठी वेगळी काढली आणि डब्ल्यूसी ८४६ हे नाव ७.६२ मिलिमीटरच्या मोठ्या काडतुसाकडे राहिलं. त्याच दोन दारूंची किरकोळ विक्रीची रूपं अमेरिकेतल्या दुकानांत एच ३३५ आणि बीएल-सी (२) या नावांनी वेगवेगळ्या डब्यांत मिळतात.