दगडावर कोरलेलं गाव

कबरीचा दगड वाचायचा तर ऊन डोक्यावर येण्याआधी पोचावं लागतं. सकाळचं ऊन दगडावरून आडवं जातं, झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली धरते आणि काल दुपारी कोरा दिसलेला दगड नाव सांगतो. तासाभरात ऊन चढतं आणि नाव पुन्हा बुजतं. मग कुणीतरी आरसा धरून बाजूने कवडसा पाडायचा आणि दुसऱ्याने वहीत उतरवून घ्यायचं.

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधल्या किनाऱ्यावर नवगाव आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं सगळ्यात जुनं कब्रस्तान इथलं. अलिबागला येणारा पर्यटक कुलाबा किल्ला पाहतो, १७२९ साली वारलेल्या कान्होजी आंग्र्यांच्या समाधीवर माथा टेकतो. नवगावकडे गाडी वळवणारे थोडे.

समाजाच्या परंपरेप्रमाणे या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. लाटांनी आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेतं त्यांनीच पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली आणि बायकांची दुसऱ्या. परंपरा ही घटना दोन हजार वर्षांहून जुनी मानते, अभ्यासकांत काळाबद्दल एकमत नाही. आज तिथे स्मारकस्तंभ आहे. नाव मात्र एकाचंही नाही. ज्यांच्यापासून एका अख्ख्या समाजाची आठवण सुरू होते, ती माणसं निनावी पुरली आहेत, हे तिथे उभं राहिल्यावर फार लागतं.

वाचण्याजोगे दगड पुष्कळ नंतरचे. ते नवगावात आहेत, तसे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या इतर दफनभूमींतही आहेत. कामाला लागणारं सामान साधं: बादलीभर गोडं पाणी, मऊ कुंचला आणि शेवाळ सोडवायला बांबूची काडी. तारेचा ब्रश लावायचा नाही, ॲसिडचं तर नावही काढायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खाचांत खडू भरण्याची सवयही वाईटच, कारण घासण्याने उरलासुरला काठ जातो. खारं वारं आधीच पुरेसं नुकसान करत असतं. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरतं, पाणी वाळलं की त्याचे स्फटिक फुगतात आणि पापुद्रे सुटतात. काळा पाषाण बराच तग धरतो. संगमरवर हा शेवटी चुन्याचाच भाऊबंद, तो पावसात हळूहळू विरघळतो. काही दगडांवर अक्षरांत शिसं भरलेलं असतं. ते गळून पडलं, तरी शिसं पक्कं बसावं म्हणून पाडलेली बारीक भोकं उरतात. त्या भोकांवरून बोट फिरवत रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं अक्षर जुळवता येतं.

वर हिब्रू, खाली मराठी. एक ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. हिब्रू मजकुराच्या माथ्यावर बहुधा 'पे' आणि 'नून' अशी दोन अक्षरं असतात, 'इथे पुरलं आहे' याचं ते संक्षिप्त रूप. साल आकड्यांत नसतं, अक्षरांनाच किंमत असते. ताव म्हणजे ४००, रेश २००, हेत ८. बेरीज ६०८. वरचे पाच हजार गृहीत धरले की ज्यू साल ५६०८, त्यातून ३७६० वजा केले की १८४८. अलिबागचं मागेन आबोथ हे सिनेगॉग त्याच सालचं. ज्यू वर्ष मात्र भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला बदलतं. बेने इस्रायल त्या दिवसाला 'नव्याचा सण' म्हणत. तेव्हा त्या सणापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूला ३७६१ वजा करायचे.

खरी कसोटी लागते ती जुळ्या अक्षरांशी. 'हे' म्हणजे ५, 'हेत' म्हणजे ८. दोघांत फरक डाव्या पायाच्या वरच्या एवढ्याशा फटीचा. दगड तिथेच झिजला असेल, तर १८४५ की १८४८ हे ठरत नाही. अशा वेळी वहीत दोन्ही सालं लिहायची आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाजाने एकच लिहून मोकळं होणारा माणूस या कामाचा नव्हे.

नावांतही दोन पदर असतात. हिब्रूत शमुएल तो मराठीत शमाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा अबाजी, बिन्यामीनचा बन्नाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर गावकीत शमाजी हसाजीच होते. आजोबांचा शोध घेत आलेल्या नातवाकडे एकच नाव असतं आणि दगडावर दुसरंच सापडतं. मग हाती लागणारा धागा म्हणजे आडनाव. नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, रेवदंडेकर, झिराडकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर. वाचत गेलं की एसटीच्या थांब्यांची पाटी वाचल्यासारखं वाटतं.

ही माणसं गावोगाव तेलाचे घाणे चालवत. शनिवारी, साबाथला, घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. पुढे पलटण, रेल्वे, शाळा, कचेऱ्या अशा नोकऱ्यांमागे मुंबईला गेले, पण गाव आडनावात बांधून नेलं. त्यांच्यापैकीच हाइम सॅम्युअल केहिमकर. आडनावातलं केहिम म्हणजे नवगावला लागून असलेलं किहीम. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अविवला. लेखक त्याआधीच गेले होते. सण, मलिदा, लग्न, मर्तिक हे सगळं त्यांनी टिपून ठेवलं नसतं, तर आज या दगडांवरचं निम्मं कळलंच नसतं.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिथे मराठी बोलणारे आजी-आजोबा आहेत, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथल्या बेने इस्रायलांनी काढलं. इथे मात्र कबरीवरचं गवत काढायला घरचं माणूस उरलं नाही. हा फरक दक्षिणेला कोर्लईला गेलं की जास्तच जाणवतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं हे कॅथलिक गाव. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख सोडला, त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली गावाने घरात जपली. कॅथलिकांचा मृतांचा दिवस २ नोव्हेंबर. कबरीवर मेणबत्ती लावायला तिथे माणसं चालत येऊ शकतात. नवगावच्या मृतांचे वारस समुद्रापलीकडे आहेत.

तरी ते येतात. विमानाने मुंबई, तिथून लाँच, मग रिक्षा. हातात जुना फोटो किंवा कागदावर लिहिलेलं एक नाव. कबर सापडली तर प्रार्थना म्हणतात, निघताना दगडावर एक खडा ठेवतात. मराठी ओळ वाचून दाखवायची वेळ आली की धाकटी पिढी अडखळते. तेव्हा रिक्षावालाच पुढे होऊन बोट ठेवत वाचतो, आणि आडनावाशी आला की हात लांब करून सांगतो, हे गाव ना, ते काय, त्या माडांच्या पलीकडे.