भाऊसाहेब आज कोणत्या गावाला?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले. अध्यक्षताई म्हणाल्या, "ताई, बँकेच्या कागदाला ग्रामपंचायतीचा दाखला लागतोय. तीन वेळा गेले, दाराला कुलूप. शिपाई सांगतो, भाऊसाहेब आज दुसऱ्या गावाला." त्यावर दुसरी हसून म्हणाली, "आणि त्या गावातल्या बाया म्हणत असतील, भाऊसाहेब आज आपल्या गावाला."

सगळ्या हसल्या. पण खरी गोष्ट तीच होती. त्या एका माणसाकडे तीन गावांचा चार्ज आहे. आठवड्याचे दिवस काही वाढत नाहीत, तालुक्याच्या मीटिंगा काही कमी होत नाहीत. आपण कुलपाला बघतो आणि माणसाला शिव्या देतो. माणूस कामचुकार असेलही, तसेही असतात. पण खुर्चीच रिकामी असेल तर ओरडून उपयोग कोणावर? म्हणून आज मी रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलणार आहे. त्या का रिकाम्या राहतात, आपल्यातली एखादी तिथं कशी बसू शकते, आणि आलेलं माणूस गावात का टिकत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. गावात दिसणारे सगळेच ग्रामपंचायतीचे नोकर नसतात. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, हे जिल्हा परिषदेचे. २०२४च्या सप्टेंबरात सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून त्यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. आपण भाऊसाहेबच म्हणणार, ते वेगळं. शाळेतले गुरुजी, उपकेंद्रातल्या नर्सबाई याही जिल्हा परिषदेच्या. पाणी सोडणारा, दिवाबत्ती बघणारा, झाडणारी, शिपाई, वसुली कारकून हे मात्र ग्रामपंचायतीचे स्वतःचे कर्मचारी. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांची नेमणूक तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयातून होते, त्यांना पगार नाही, मानधन असतं. आणि आशाताईंना तर कामावर मोबदला. एकाच गावात काम, पण चार वेगळी दारं. कोणतं दार कुठलं हे माहीत नसलं की आपण सरपंचाकडे मास्तर मागतो आणि सरपंच हात वर करतात. त्यांचे हात खरंच बांधलेले असतात.

आता खुर्ची रिकामी कशी होते? आपल्या आधीच्या पिढीत बऱ्याच जणांची जन्मतारीख एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यामुळे वयाच्या अठ्ठावन्नला दर वर्षी एकतीस मे रोजी जिल्हा परिषदेतून माणसांचा लोंढा निवृत्त होतो. हे कोणाला अचानक कळत नाही, दहा वर्षं आधीपासून ठाऊक असतं. तरी जागा भरायला वेळ लागतो. कारण आधी किती पदं मंजूर आहेत त्याचा आकृतिबंध लागतो, मग कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची बिंदुनामावली तयार करून ती विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातून तपासून आणावी लागते, मग शासनाची परवानगी, मग परीक्षा घेणारी संस्था, मग जाहिरात. एक कागद अडला की मागचे सगळे अडतात.

किती अडतात त्याचं उदाहरण सांगते. २०१९च्या मार्चमध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी मोठी जाहिरात काढली. मुलामुलींनी फी भरून अर्ज केले. मग परीक्षा घेण्याची पद्धत बदलली, कोरोना आला, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२मध्ये ती भरतीच रद्द झाली. २०२३च्या ऑगस्टमध्ये ३४ जिल्हा परिषदांसाठी १९,४६० जागांची नवी जाहिरात आली. फी खुल्या गटाला एक हजार, मागासवर्गाला नऊशे, आणि प्रत्येक पदाला वेगळा अर्ज म्हणजे वेगळी फी. मधली चार वर्षं कोणाची गेली? सरकारी नोकरीला साधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ ही वयाची मर्यादा आहे. कोरोनामुळे त्या वर्षाअखेरपर्यंतच्या जाहिरातींना दोन वर्षांची सूट दिली होती, ते बरंच झालं. पण मुलगा चार वर्षं अभ्यासिकेत बसू शकतो, मुलीला घरचे बसू देत नाहीत. 'भरती निघेल तेव्हा बघू' म्हणत तिचं लग्न उरकून टाकतात. माझ्या ओळखीच्या किमान दोघी अशा आहेत, ज्यांनी पहिल्या जाहिरातीला अर्ज भरला आणि दुसरी निघाली तेव्हा कडेवर मूल होतं.

म्हणून माझं म्हणणं, जिल्हा परिषदेची परीक्षा जरूर द्या, सरकारी नोकरभरतीत महिलांना तीस टक्के समांतर आरक्षण आहे, पण डोळे घरापासल्या जागेवरही ठेवा. ती म्हणजे अंगणवाडी.

२०२३च्या फेब्रुवारीत सरकारनं अंगणवाडीच्या भरतीचे नियम बदलले. आता सेविका काय आणि मदतनीस काय, दोघींना किमान बारावी पास लागते. वय १८ ते ३५, विधवा असेल तर ४० पर्यंत. हयात मुलं दोनपेक्षा जास्त नकोत. आणि सगळ्यात मोठी अट, ती त्याच महसुली गावची रहिवासी हवी. म्हणजे तालुक्याची हुशार मुलगी येऊन तुमची जागा घेऊ शकत नाही. स्पर्धा गावातल्या गावात. निवड गुणांवर होते. बारावीच्या टक्क्यांना सर्वांत जास्त वजन, पुढचं शिक्षण असेल तर त्याचे थोडे, विधवा किंवा अनाथ असेल तर वाढीव गुण, मागास प्रवर्गाचे काही, आधीच्या कामाच्या अनुभवाचे काही. मुलाखत नाही. हे मी दोनदा सांगते, मुलाखत नाही.

हे दोनदा का सांगितलं? कारण जाहिरात लागली की गावात एखादा माणूस हिंडायला लागतो. "साहेबांशी बोललोय, एवढे द्या, काम होऊन जाईल." जिथं मुलाखतच नाही तिथं साहेब गुण कुठून वाढवणार? या मंडळींची युक्ती मला एका बाईमुळं कळली. तो माणूस पाच जणींकडून पैसे घेतो. त्यातली एक आपल्या गुणांवर लागतेच. तिचे ठेवून घेतो, बाकीच्या चौघींना "यंदा जमलं नाही" म्हणून अर्धे परत करतो. जी लागली ती आयुष्यभर त्याचे उपकार मानते! तिचं स्वतःचंच कष्टाचं फळ, आणि त्यासाठी तिनं गटातून कर्ज काढून पैसे दिले होते. कर्जाचं कारण रजिस्टरमध्ये 'शेळीपालन' लिहिलं होतं. तो हप्ता ती आजही फेडते आहे. म्हणून गटांना सांगते, कोणी अशा कारणाला कर्ज मागितलं तर द्यायच्या आधी तिच्याशी बसून बोला.

गुणांची प्राथमिक यादी लागते आणि हरकत घ्यायला मुदत असते. यादी ग्रामपंचायतीच्या किंवा प्रकल्प कार्यालयाच्या फळ्यावर जाऊन वाचा, मोबाईलवर फोटो काढा. दुसऱ्या गावात नांदायला गेलेली, पण कागदावर माहेरी राहणारी, अशी नावं यादीत आली तर हरकत त्याच मुदतीत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. निवड झाल्यावर पारावर बसून बोलून काही होत नाही.

मानधन २०२४च्या वाढीनंतर सेविकेला तेरा हजार आणि मदतनीसाला साडेसात हजार आहे, वर कामानुसार थोडा प्रोत्साहन भत्ता. मदतनीस म्हणून लागलेली बारावी पास बाई पुढे त्याच गावात सेविकेची जागा रिकामी झाली तर तिथं जाऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

आता कागदपत्रं. हे जरा रुक्ष आहे, पण बायकांच्या जागा परीक्षेत जात नाहीत तितक्या कागदात जातात. माझंच सांगते. माझ्या दहावी-बारावीच्या आणि बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं, आणि बँकेत तर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. एका पदासाठी कागद तपासणीला बोलावलं तेव्हा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. आम्ही लग्नाची नोंदणीच केली नव्हती. दाखवायला होती ती पत्रिका. चूक कोणाची म्हणू? आमचीच. घरी आल्यावर आठवडाभरात नोंदणी करून घेतली, पण ती वेळ गेली ती गेली. तेव्हा लग्नाची नोंद करा, नाव बदललं असेल तर प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा. जातीचा दाखला बाईला बापाकडच्या पुराव्यांवर मिळतो, सासरच्या नाही. म्हणून लेकीचं लग्न ठरायच्या आधीच तिचा जातीचा आणि अधिवासाचा दाखला काढून तिच्या ट्रंकेत टाका. साडी एक कमी दिली तरी चालेल. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गात नॉन-क्रिमीलेअर लागतं, त्याची मुदत संपलेली नाही ना ते बघा. खुल्या गटातल्या महिलांना मात्र २०२३पासून ती अट राहिलेली नाही. आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र: २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळं अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर सरकारी नोकरीला अपात्र. मुलगा हवा म्हणून तिसरा पाळणा हलवणाऱ्या सासूबाईंना हे कधीतरी समोर बसवून सांगावं लागतं.

जागा भरली म्हणजे संपलं का? नाही. माणूस टिकायला हवं.

शेजारच्या एका गावात नवीन ग्रामसेविका आली. वय पंचवीस-सव्वीस, घर दीडशे किलोमीटरवर. ही नोकरी लागली की पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर असतात. गावात खोली शोधली तर कोणी देईना. कोणी म्हणे एकट्या बाईला कशी द्यायची, कोणी जात विचारी, एका ठिकाणी खोली मिळाली तर संडास नव्हता. मुलगी तालुक्याला राहायला लागली, दोन एसट्या बदलून यायची. गाव म्हणायला लागलं, मॅडम मुख्यालयी राहत नाहीत. कर्मचारी गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव घरभाड्यासाठी मागतात, तोही कोणी देईना. तिनं वर्षाच्या आत बदलीसाठी खटपट सुरू केली. तिच्या जागी दुसरं कोणी आलं नसतं, पुन्हा चार्जच असता.

मग त्या गावच्या ग्रामसंघातल्या दोघींनी पुढाकार घेतला. एका विधवा काकूंच्या घराची मागची खोली रिकामी होती. गटाच्या कर्जातून तिथं न्हाणी आणि संडास बांधला, भाडं ठरलं, त्यातून काकू हप्ता फेडतात. काकूंना सोबत झाली. मॅडम आता सोमवार ते शुक्रवार गावात असतात, आणि ग्रामसभेनं ठराव दिला तो खरा दिला. खोटा ठराव देण्याची पद्धतही आहे, हे तुम्हाला-मला सगळ्यांना माहीत आहे. खोट्या ठरावावर सही करणारं गाव उद्या कुलपाबद्दल तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

मानधनावरच्या बायका का सोडून जातात हे वेगळं सांगायला नको. काम पूर्ण वेळेचं, मोबाईलवर माहिती भरायची, पोषण आहार, लसीकरणाला मदत, निवडणूक आली की तेही, आणि नाव 'मानसेवी'. २०२३च्या चार डिसेंबरपासून राज्यातल्या अंगणवाडीताई बावन्न दिवस संपावर होत्या. मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी आणि पेन्शन या मागण्या होत्या. ग्रॅच्युइटीचा मुद्दा हवेतला नाही. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. आपल्या गटांतल्या सेविकांनी आपली नेमणूक पत्रं, हजेरीच्या नोंदी सांभाळून ठेवाव्यात. पत्र हरवलेल्या खूप जणी मला भेटतात.

ग्रामपंचायतीचे कर्मचारी तर सगळ्यात दुबळे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८च्या कलम ६१ प्रमाणं त्यांना ग्रामपंचायत नेमते आणि त्यांच्या पगाराची गाठ गावच्या वसुलीशी घातलेली. घरपट्टी-पाणीपट्टी थकली की पाणी सोडणाऱ्याचा पगार थकतो. आपण पाणी आलं नाही म्हणून त्याच्यावर ओरडतो तेव्हा आपली पट्टी भरलेली आहे का, एवढं बघावं. यांच्यासाठी एक वाट आहे. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत दहा टक्के जागा दहा वर्षं सेवा झालेल्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांतून भरायच्या असतात. त्याची ज्येष्ठता यादी लागते. तुमच्या गावची झाडणारी ताई त्या यादीत आहे का? तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून द्या.

शेवटी, गट म्हणून काय करता येतं ते. तालुक्यात कोणती पदं मंजूर आहेत, किती रिकामी, कधीपासून, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या बाईनं अर्ज केला तर फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडायची. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर तिथंच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. आलेलं उत्तर महिला सभेत वाचायचं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे जातात. रिकामी जागा किती महिन्यांपासून आहे ते आकड्यासह लिहून ठराव करा, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, दोन्हीकडची पोच गटाच्या फायलीत.

ज्या गटाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्यांनी अर्ज टाकलाय. उत्तराची मुदत पुढच्या महिन्यात संपते. काय आलं ते आले की सांगते. तोवर अर्जाचा नमुना हवा असेल तर तुमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत मागून घ्या, मी हातानं लिहून प्रत्येक संघाला एक दिला आहे. नमस्कार.