खारफुटीतला फिंच
डार्विन १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर गेला होता, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ‘डार्विनचे फिंच’ म्हणतात त्या पक्ष्यांपैकी एकाची आज ओळख करून घेऊ. याची शास्त्रीय नोंद पुढे १९०१ साली झाली.

दिसायला हा अगदी साधा. चिमणीएवढा, वरून तपकिरी, पोटाकडे फिकट, छातीवर पुसट रेघा. चोच मात्र लांबट नि टोकदार. सडका पालापाचोळा उलथायचा, साल उचकटायची आणि आतले किडे, अळ्या काढायच्या, यासाठी ती सोयीची.

राहतो कुठे? इसाबेला बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खारफुटीत. आपल्या कोकणातल्या कांदळवनात भरतीचं पाणी शिरतं आणि पाचोळा वाहून नेतं. इथली झाडी वाळूच्या बांधाआड आहे, म्हणून पाचोळा साचतो. त्यावरच याचं पोट. अशी जागा उरली आहे जेमतेम ३० हेक्टर, आणि पक्षी शंभरच्या आसपास.

पावसाळ्यात नर झाडाच्या उंच शेंड्याला घुमटासारखं घरटं बांधतो, वाट बाजूने ठेवतो आणि गातो. मादी अंडी उबवते, तेव्हा नर तिला भरवतो. इथवर सगळं सुरळीत. पण माणसाबरोबर बेटांवर उंदीर आले. ते अंडी नि पिल्लं खातात. बाहेरून एक माशीही आली. ती घरट्यात अंडी घालते आणि तिच्या अळ्या रात्री पिल्लांचं रक्त पितात. फिंचांच्या घरट्यांत त्या १९९७ मध्ये प्रथम आढळल्या.

म्हणून २०१४ पासून संशोधक झाडांवर चढून अंडी उतरवू लागले. पिल्लं यंत्रात उबवायची, हाताने भरवायची आणि मोठी झाली की त्याच खारफुटीत सोडायची.

आता आमच्यासारखे तत्त्वज्ञानवाले विचारणार, निसर्गात ढवळाढवळ करावी का? प्रश्न रास्त आहे, पण उशिरा विचारलेला आहे. ढवळाढवळ माशी आणि उंदीर आले तेव्हाच झाली. आज ‘आम्ही हात लावणार नाही’ असं म्हणणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे, बरं का. आपणच सुरू केलेलं तसंच चालू देणं आहे. घरट्यातून अंडं उतरवणारा माणूस निसर्गाची जागा घेत नाही. तो आपल्या आधीच्यांनी करून ठेवलेलं थोडंफार निस्तरतो आहे.