जुन्या डोझरचं पातं आपोआप खाली का येतं?

आपल्या मंडळाच्या एका सभासदांनी खानापूरकडच्या शेतातल्या सपाटीकरणासाठी जुना चेनवाला डोझर विकत घेतला. पातं वर उचलून ठेवलं की चहा पिऊन येईपर्यंत ते वीतभर खाली उतरलेलं असायचं. 'पंप गेला' असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि नवा पंप मागवायची तयारीही झाली. पंपात काहीच बिघाड नव्हता. तो खर्च वाचला, म्हणून हे लिहितो आहे.

आधी थोडं जुनं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कॅटरपिलर डी७ सारख्या कित्येक यंत्रांवर पातं तारेने उचलत. मागे विंच, आणि तिथून कप्प्यांवरून पुढे नेलेला वायररोप. उचलणं झकास व्हायचं, पण खाली दाबणं नाही. पातं उतरायचं ते स्वतःच्या वजनाने. कडक मुरुमावर ते नुसतं घसरत जाई.

तेलाच्या दाबाने ही अडचण सोडवली. समजा सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास १० सेंटीमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७० किलो असेल, तर एक सिलिंडर सुमारे साडेपाच टनांचा जोर लावतो, आणि पात्याला असे दोन असतात. तेल दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाठवता येतं, म्हणून उचलणंही होतं आणि दाबणंही.

लिव्हरच्या जागा चार: वर, थांब, खाली आणि फ्लोट. फ्लोटमध्ये सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात. पातं मोकळं होतं आणि जमिनीच्या चढउतारावर नुसतं टेकून चालतं. मागे येताना माती सारखी करायला हे फार उपयोगी. नवशिका ऑपरेटर मात्र हे विसरतो आणि पातं खणत का नाही म्हणून वैतागतो.

आता मूळ प्रश्न. लिव्हर 'थांब'वर असताना पंपाचं तेल सरळ टाकीत परत जात असतं. पातं तोलून धरतं ते सिलिंडरात कोंडलेलं तेल. म्हणजे पातं हळूहळू उतरत असेल तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. तेल दट्ट्याच्या झिजलेल्या सीलवरून पलीकडे जातंय, किंवा व्हॉल्व्हच्या स्पूलभोवतीच्या फटीतून निसटतंय, किंवा कुठेतरी बाहेर गळतंय. लिव्हर 'वर' ओढताच पातं आधी चटकन खाली झुकून मग उचलत असेल, तर लोड चेक व्हॉल्व्ह पाहा. पंपाचा दाब तयार होईपर्यंत कोंडलेलं तेल उलटं जाऊ न देणं हे त्याचं काम. यंत्र गार असताना ठीक आणि तेल तापल्यावर पातं मंदावतं, तेव्हा मात्र पंपाच्या झिजेचा संशय खरा. टाकीत फेस आणि पंपाची किंकाळी म्हणजे बहुधा पंपाकडे तेल ओढून घेणाऱ्या पाइपातून हवा शिरते आहे.

आमच्या सभासदांच्या डोझरमध्ये सील झिजलं होतं. असली कामं बेळगावात अवघड नाहीत. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत, तेव्हा जाणकार माणूस शोधत फार लांब जावं लागत नाही. जुनं सील फेकू नका, मापासाठी सोबत न्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं. उचललेल्या पात्याखाली कोणीही जाऊ नये. जाणं भागच असेल तर आधी खाली भक्कम ओंडके द्या. पाइप सोडण्याआधी पातं जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन-तीनदा मागेपुढे करून उरलेला दाब घालवा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीच्या आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा आणि 'दाबाखालचं तेल आत गेलंय' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.