गोदावरी-भीमा खोऱ्यांतील प्रागैतिहासिक वस्ती : कालमापन आणि हवामानबदल

प्रस्तावना

नाशिकची पांडवलेणी बेसॉल्ट खडकात मानवाने कोरलेली असून त्यांचा काळ शिलालेखांवरून ठरविता येतो. चुनखडीच्या नैसर्गिक गुहांत मात्र मानवी वस्तीचे थर आणि पर्जन्यमानाची नोंद जपणारे लवणस्तंभ एकाच ठिकाणी सापडू शकतात. दख्खनच्या पठारावर ही सोय नाही. येथे वस्तीचा पुरावा नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांत, तर हवामानाचा पुरावा सरोवरांच्या गाळात आहे. त्यांची सांगड कालमापनावरच अवलंबून असल्याने तिच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वस्तीचा पुरावा

१९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीला तिचे नाव यातील दुसऱ्या स्थळावरून मिळाले. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात पूर्व जोर्वे (इ. स. पू. सुमारे १४००-१०००) आणि उत्तर जोर्वे (इ. स. पू. सुमारे १०००-७००) असे टप्पे आढळले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. डॉ. म. के. ढवळीकर यांनी या स्थित्यंतराचे कारण घटते पर्जन्यमान मानले.

कालमापनाच्या अडचणी

कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल ५,७३० वर्षे आहे. या पद्धतीने मिळालेले वय वृक्षवलयांच्या आधारे दिनदर्शिकेच्या वर्षांत रूपांतरित करावे लागते. इ. स. पू. सुमारे ८०० ते ४०० या काळात रूपांतरणाचा आलेख जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे उत्तर जोर्वेच्या अखेरीचा काळ केवळ या पद्धतीने नेमका ठरविणे कठीण जाते. शिवाय जुन्या लाकडाचा कोळसा वस्तीचे वय प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकतो. जळलेले धान्य एकाच हंगामातील असल्याने ते अधिक विश्वसनीय ठरते.

लोणारची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळाचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दर्शवितो : सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावातील स्थित्यंतर सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे ते यांपैकी कोणत्याही कालखंडात बसत नाही. अर्थात यामुळे ढवळीकरांचे मत खोडले जात नाही. लोणार तेथून सुमारे २५० किलोमीटर दूर आहे, आणि पर्जन्यछायेतील भीमेच्या खोऱ्यात अल्पकाळाचे अवर्षणही शेती मोडण्यास पुरेसे ठरू शकते.

निष्कर्ष

दोन घटना समकालीन असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांत कार्यकारणभाव मानता येत नाही. आणि समकालीनता सिद्ध झाली तरी जमिनीचा कस, लोकसंख्या व व्यापार यांचा विचार उरतोच. अध्यापनात 'दुष्काळामुळे जोर्वे संस्कृती लयास गेली' हे विधान सिद्धान्त म्हणून न मांडता, धान्याच्या नव्या कालमापनाने व खोऱ्यातीलच गाळाच्या अभ्यासाने तपासावयाचे गृहीतक म्हणून मांडणे उचित ठरेल.