अक्कलकुव्याच्या पुढे काय आहे?

शव्वाल सुरू झाला की धामणकर नाक्यावर पेट्या, वळकट्या आणि टोप्या घातलेली मुले दिसू लागतात. ईदची सुट्टी संपवून ती अक्कलकुव्याला निघालेली असतात. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये तिथे सुरू केलेल्या जामियामुळे हे गाव भिवंडीत घरोघरी माहीत झाले. पण मदरशाच्या फाटकाबाहेर काय आहे, असे आम्ही एका मुलाला विचारले, तर तो एवढेच म्हणाला, "सर, डोंगर आहेत."

ते डोंगर सातपुड्याचे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला आहे. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला मध्य प्रदेश. दक्षिणेकडून तापी वाहते, उत्तरेची हद्द नर्मदा आखते. नर्मदेचा महाराष्ट्रातला प्रवास जेमतेम ५४ किलोमीटरचा, तो याच जिल्ह्यात. सरदार सरोवराच्या पाण्याने इथल्या ३३ गावांना झळ पोहोचली. काठावरच्या काही पाड्यांवर आजही डॉक्टर आणि औषधे बोटीने जातात.

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत घरे एका जागी नसतात. एक घर या टेकडीवर, तर दुसरे पलीकडच्या. कुडाच्या भिंती, वर कौले, भोवती मका-ज्वारीचे उताराचे शेत. उन्हाळ्यात कैऱ्या चिरून अंगणात वाळवतात, त्याचाच आमचूर होतो. आपल्या स्वयंपाकघरातली लाल मिरचीही अनेकदा नंदुरबारच्या बाजारातून आलेली असते.

जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, मुख्यतः भिल्ल आणि पावरा. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. याचे एक कारण आम्हा शिक्षकांना लगेच कळते. पाड्यावरचे मूल घरी भिलोरी किंवा पावरी बोलते आणि शाळेत गेल्यावर मराठी पुस्तक हाती येते. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूलही सोबत जाते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते.

आमच्या वर्गात तरी वेगळे काय आहे? घरी उर्दू, बाहेर मराठी. लूम थंडावले की कारागीर बाप कुटुंबासह गावी निघून जातो आणि मुलाचे वर्ष बुडते. डोंगर नसला तरी अडचण तीच आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलाला फोन केल्यावर सबक किती झाला हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की आजूबाजूला कोणते पाडे आहेत, तिथले लोक काय खातात, पाणी कुठून आणतात, कोणती बोली बोलतात. शेजाऱ्याचा हक्क त्याचा धर्म किंवा भाषा पाहून ठरत नाही, हे आपला दीन शिकवतो. पण ज्याची ओळखच नाही, त्याचा हक्क अदा कसा करणार?

त्या मुलाला आम्ही एक काम दिले आहे. पुढच्या सुट्टीत येताना त्याने पावरी बोलीतले दहा शब्द वहीत लिहून आणायचे. इन्शाअल्लाह, ते आम्ही वर्गाच्या फळ्यावर लिहू.