‘शेक’ रोज थोडा-थोडाच का?

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार, म्हणजे ‘शेक’, सांगितला की घरचे विचारतात, ‘सहा-सात आठवडे खेटे कशाला? एकदाच मोठा डोस का देत नाहीत?’ याचे एक मोठे कारण प्राणवायूत दडले आहे.

गाठ भराभर वाढते. रक्तवाहिन्या त्या मानाने अपुऱ्या पडतात. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्शापलीकडे प्राणवायू फारसा पोहोचत नाही. तेथील काही पेशी मरतात. पण काही चिवट निघतात. प्राणवायूवाचून साखर वापरून, लॅक्टिक आम्ल तयार करीत त्या तग धरतात. प्राणवायू कमी पडताच पेशी आपला कारभार कसा बदलतात, हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

किरणांनी डीएनएला केलेली इजा प्राणवायूमुळे पक्की होते. तो नसेल तर ती भरून निघू शकते. म्हणून अशा पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. तेवढा निरोगी अवयवांना कसा झेपणार? रोजच्या लहान डोसाने रक्तवाहिनीजवळच्या पेशी आधी मरतात. मग आतल्या पेशींना प्राणवायू मिळतो आणि पुढच्या डोसात त्या सापडतात. दरम्यान निरोगी पेशी सावरतात.

तेव्हा आपल्या मनाने एकही दिवस चुकवू नका. थकवा, धाप वाटल्यास डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. विडी-सिगारेट बंदच करा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. मात्र गाठीला उपाशी मारण्यासाठी रुग्णाचे जेवण तोडू नका. त्याने गाठ नव्हे, रुग्णच खंगतो.